हादऱ्यानंतरची धास्ती आणि तिचा उपाय

हिंगोली जिल्ह्यात वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे व आसपासच्या गावांना भूगर्भातून येणारे गूढ आवाज कित्येक वर्षांपासून परिचित आहेत. परंतु दि. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहानंतर ४.५ रिश्टर प्रतीचा धक्का बसला आणि थोड्याच मिनिटांत ३.६ प्रतीचा दुसरा. त्याच वर्षी १० जुलैच्या सकाळी पुन्हा ४.५ प्रतीचा हादरा जाणवला. लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेला संहार मराठवाडा विसरलेला नाही. तेव्हा जमीन गुरगुरताच काळजात धस्स व्हावे, हे साहजिकच होय.

धक्का काही क्षणांत सरतो. धास्ती मात्र मागे राहते. पुढे कधी ट्रॅक्टरची घरघर किंवा ढगांचा गडगडाट ऐकूनही एखाद्याची छाती धडधडू लागते, दम कोंडतो, घाम फुटतो, बोटांना मुंग्या येतात व 'आता आपण वाचत नाही' असे वाटते. ही बाहेरची बाधा नव्हे अथवा भित्रेपणाही नव्हे. संकटात पळता यावे म्हणून शरीर जी तयारी करते, तीच येथे अवेळी सुरू होते. भराभर श्वास घेतल्याने चक्कर व मुंग्या वाढतात. असा झटका बहुधा दहा मिनिटांच्या आत शिगेला पोहोचून ओसरू लागतो.

बुजलेला बैल चाबकाने शांत होत नाही. कासरा धरून त्याला चुचकारावे लागते. मनाचेही तसेच आहे. जमीन खरोखर हलत असेल तर भिंतींपासून दूर, मोकळ्या जागी जावे. ती स्थिर असेल तर तेथेच बसावे, पाय भुईवर टेकवावेत, चार अंक मोजत नाकाने श्वास घ्यावा व सहा अंक मोजत हळूहळू सोडावा. समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावे घ्यावीत. जवळच्या माणसांनी गर्दी करू नये, हसू नये. एकाने शेजारी बसून शांत स्वरात बोलावे.

भय कमी होण्यास घराची तयारीही उपयोगी पडते. पत्रे उडू नयेत म्हणून वर ठेवलेले धोंडे उतरवून पत्रे पक्के आवळून घ्यावेत. बाहेर पडण्याची वाट मोकळी ठेवावी.

छातीत कळ येत असेल, किंवा असा त्रास प्रथमच होत असेल, तर केवळ भीती समजून स्वस्थ बसू नये. दवाखाना गाठावा अथवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. झटके वारंवार येत असतील, झोप उडाली असेल किंवा शेतावर जाणे टळत असेल, तर शासनाच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य सल्ला मिळतो. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा क्रमांक चावडीवर ठळक अक्षरांत लिहून ठेवावा आणि घरोघरी फिरताना पिकाबरोबरच झोपेचीही विचारपूस करावी.