श्रम तिचे, नाव कोणाचे?

नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायात जी सद्गुणी स्त्री वर्णिली आहे, तिचे गुणगान आमच्या कुटुंबांत लग्नप्रसंगी मोठ्या हौसेने होते. ती पहाटे उठते, घरच्यांस जेवू घालते, सूत कातते, हे आपण आवडीने सांगतो. परंतु त्याच अध्यायात ती शेत पाहून विकत घेते, द्राक्षमळा लावते व आपला माल व्यापाऱ्यांस विकते, असेही म्हटले आहे. आणि शेवटी तिच्या कामांची वाखाणणी नगराच्या वेशीत व्हावी, अशी अपेक्षा व्यक्त केली आहे. त्या काळी वेशीत वडीलधारे बसत; न्यायनिवाडा तेथे होई, जमिनीचे व्यवहार तेथे ठरत. तेव्हा जेथे निर्णय होतात तेथे तिचे नाव निघावे, असा त्या वचनाचा रोख आहे. हा शेवटचा भाग मात्र आपण सहसा विसरतो.

या विसराची किंमत काय असते, हे पाहण्यासाठी आम्ही वाचकांस मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्याच्या दक्षिण भागात नेऊ इच्छितो. सतवास, कन्नौद, बागली, उदयनगर ही तिकडची गावे. एका बाजूस विंध्याद्रीच्या रांगा, दुसऱ्या बाजूस नर्मदामाई. मराठी मनास हा मुलूख परका नाही. देवास व धार येथे पवारांची गादी होती, इंदुरास होळकरांची. याच नर्मदेच्या काठी महेश्वरास राहून चौंडीच्या शिंदे घराण्यातील कन्या अहिल्याबाई होळकर यांनी 1767 पासून 1795 पर्यंत राज्यकारभार पाहिला. त्या पडद्याआड न बसता रोज उघड्या दरबारात बसून रयतेची गाऱ्हाणी ऐकत. माळव्याने स्त्रीचे नेतृत्व पाहिले नाही, असे कोणी म्हणू नये.

तथापि सिंहासनावरील एका स्त्रीचे नाव झाले, म्हणून बांधावरील स्त्रीचे झाले असे नाही. निंदणीच्या दिवसांत तिकडच्या व आपल्याकडच्या शेतांत पाहावे: वाकलेल्या पाठी बहुतेक बायांच्याच असतात. परंतु सातबाऱ्यावर, कर्जाच्या कागदावर, बँकेच्या पासबुकावर नाव सहसा पुरुषाचे असते. जिचे नाव कागदावर नाही, तिला बँकेच्या दारात कोणी ओळखत नाही. मग अडीनडीला सावकाराच्या ओसरीवाचून तिला जागा उरत नाही.

उदयनगरच्या परिसरात या स्थितीविरुद्ध उभी राहिली ती एक धर्मभगिनी. केरळातील पुल्लुवळी या गावी 29 जानेवारी 1954 रोजी जन्मलेली मरियम वट्टालिल ही शेतकऱ्याची मुलगी फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघात दाखल झाली व सिस्टर राणी मारिया झाली. बिजनौर व सतना येथे सेवा करून 1992 साली ती उदयनगरास आली. तेथील आदिवासी व भूमिहीन कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या सावकाराच्या कर्जात रुतलेली होती. सिस्टरने गावोगाव जाऊन स्त्रीपुरुषांच्या बैठका घेतल्या, बचतीची सवय लावली, बँकेचे कर्ज कसे मिळते हे शिकविले आणि शासनाच्या योजनांवर त्यांचा हक्क आहे हे समजावून दिले. तिने कोणास भिक्षा घातली नाही. ज्यांची नावे कोणत्याही वहीत नव्हती, त्यांची नावे वहीत आणली.

ज्यांचे व्याज बुडाले व हुकमत ढळली, त्यांस हे रुचले नाही. 25 फेब्रुवारी 1995 रोजी सिस्टर उदयनगरहून इंदुरास बसने निघाली असता, पैसे देऊन नेमलेल्या समुंदर सिंग नावाच्या माणसाने प्रवाशांदेखत तिच्यावर सुऱ्याचे घाव घातले. येशूचे नाव घेत तिने प्राण सोडला. तिचे वय तेव्हा 41 वर्षांचे होते. 2002 साली तिची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल हिने तुरुंगात जाऊन त्या मारेकऱ्याच्या हाती राखी बांधली. पुढे तो पश्चात्तापदग्ध होऊन सुटला व तिच्या आईवडिलांची क्षमा मागण्यास केरळात गेला. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदुरात ख्रिस्तसभेने राणी मारियास धन्यवादित घोषित केले.

आम्ही हे चरित्र केवळ भक्तीसाठी सांगत नाही. नेतृत्व म्हणजे खुर्ची नव्हे, हे ते शिकविते. परंतु खुर्ची नकोच, असेही ते शिकवीत नाही. सिस्टर उदयनगरास असतानाच, 24 एप्रिल 1993 रोजी घटनेची त्र्याहत्तरावी दुरुस्ती अमलात आली व पंचायतींच्या किमान एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या गेल्या. मध्य प्रदेश व महाराष्ट्र या राज्यांनी पुढे हे प्रमाण निम्म्यावर नेले. तरीही ‘सरपंचपती’ हा शब्द आपल्या खेड्यांत रुळला आहे, ही लाजेची गोष्ट होय. बाईने सही करावी व कारभार नवऱ्याने हाकावा, हा त्या कायद्याचा हेतू नव्हता.

कोणी म्हणेल, ख्रिस्ती स्त्रीस नम्रता शोभते; उजवा हात काय करतो हे डाव्या हातास कळू नये, असे प्रभूनेच सांगितले आहे. खरे आहे, परंतु ते वचन दानधर्माविषयी आहे आणि ते ज्याचे त्याने स्वतःच्या बाबतीत पाळावयाचे आहे. दुसरीच्या श्रमांवर झाकण घालण्याची मुभा ते कोणास देत नाही. दिवा मापाखाली ठेवू नये, हेही त्याच डोंगरावरील प्रवचनात आहे. पुनरुत्थानाची पहिली वार्ता प्रभूने मरिया मग्दालियेच्या मुखी दिली. फिलिप्पै येथील ख्रिस्तसभेस पहिला आसरा मिळाला तो जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणाऱ्या लुदियेच्या घरी. पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी 2025 मध्ये सिस्टर सिमोना ब्राम्बिल्ला यांस व्हॅटिकनच्या एका विभागाचे प्रमुखपद दिले, तेव्हा व्हॅटिकनच्या इतिहासात असा मान मिळालेली ती पहिली स्त्री ठरली.

मग आपल्या धर्मग्रामाचे काय? देऊळ झाडणाऱ्या, वेदी सजविणाऱ्या, मुलांस धर्मशिक्षण देणाऱ्या हातांत बांगड्या असतात. सल्लागार मंडळाची व हिशेबाची बैठक भरते तेव्हा त्या किती दिसतात? प्रत्येक कुटुंबप्रमुखास आमची विनंती आहे की, शेताच्या व बँकेच्या कागदांवर पत्नीचे नाव आहे काय, हे या आठवड्यात पाहावे. मजुरीवर बाया लावीत असाल, तर पुरुषाइतक्याच कामाचे पुरुषाइतकेच पैसे तिच्याच हाती मोजून द्यावेत. धर्मग्रामाच्या बैठकीत बोलावयास उठलेल्या भगिनीचे म्हणणे पूर्ण ऐकून तिच्या नावानिशी नोंदवावे.

धन्यवादित राणी मारियेचा सण 25 फेब्रुवारीस येतो. त्या दिवशी तिच्या प्रतिमेपुढे मेणबत्ती अवश्य लावावी. पण त्याआधी घरातील स्त्रीचे नाव वेशीपर्यंत पोहोचले की नाही, एवढे प्रत्येकाने आपल्या मनास विचारावे.