विश्लेषण : जुनी फियाट घाटात दम का टाकते? इग्निशन टायमिंग म्हणजे काय, ते कसे लावतात?

गणपती जवळ आले की मालवण परिसरात शेडमध्ये झाकून ठेवलेल्या जुन्या गाड्या बाहेर निघतात. बॅटरी चार्ज होते, टाकीत ताजे पेट्रोल पडते, दोन-चार सेल्फनंतर इंजिन सुरूही होते. कसालपर्यंतचा रस्ता बरा जातो. पण कणकवली, नांदगाव मागे टाकून कोल्हापूरच्या वाटेवर फोंडा घाट लागला की तक्रार सुरू होते, ‘गाडी ओढणा नाय’.

यावर सर्रास होणारा उपाय म्हणजे बॉनेट उघडून डिस्ट्रिब्युटर हाताने थोडा फिरवणे. इंजिन उभ्या जागी एकदम तरतरीत वाटते. मात्र दोष दुसरीकडे असताना हा उपाय केला, तर त्याची किंमत पिस्टनला मोजावी लागू शकते. ते कसे, हे समजून घेण्यासाठी आधी टायमिंग समजून घ्यायला हवे.

हा प्रश्न कोणत्या गाड्यांचा?

ज्या पेट्रोल गाड्यांत कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्युटर आहे, त्यांचा. १९६४ मध्ये आलेली फियाट ११०० डिलाइट, १९७४ पासून त्याच गाडीला मिळालेले प्रीमियर पद्मिनी हे नाव, पेट्रोलची अ‍ॅम्बॅसेडर आणि सुरुवातीच्या काळातील मारुती ८०० या सगळ्या त्यात येतात. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली पद्मिनी मुंबईच्या टॅक्सीसेवेतून ३० ऑक्टोबर २०२३ पासून बाद झाली. खासगी मालकांकडे मात्र ती अजून आहे. आजच्या गाड्यांत ठिणगीची वेळ संगणक ठरवतो. या जुन्या गाड्यांत ती माणसाला लावावी लागते.

टायमिंग म्हणजे नेमके काय?

सिलिंडरमध्ये पिस्टन वर येताना पेट्रोल आणि हवेचे मिश्रण दाबले जाते. त्यावर प्लगची ठिणगी कोणत्या क्षणी पडावी, हे म्हणजे इग्निशन टायमिंग. पिस्टन सर्वात वर पोहोचतो त्या जागेला ‘टॉप डेड सेंटर’ म्हणतात. त्या जागेच्या किती अंश आधी ठिणगी पडते, यावर टायमिंग मोजले जाते.

ठिणगी आधी का? कारण मिश्रण एका क्षणात पेटत नाही. ज्योत प्लगपासून पसरत जाते आणि त्याला वेळ लागतो. दाब सर्वाधिक व्हावा तो पिस्टन वरून खाली निघाल्यावर, साधारण १५ अंशांच्या आसपास. तेव्हा तो दाब पिस्टनला नेमका खाली ढकलतो. झोका मागे येऊन पुढे निघताना धक्का दिला तरच तो उंच जातो, तसेच हे आहे.

वेग वाढला की ठिणगी लवकर का लागते?

इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर क्रँक सेकंदाला ४,८०० अंश फिरतो. मिश्रण जळायला दोन मिलिसेकंद लागतात असे धरले, तर तेवढ्या वेळात क्रँक सुमारे १० अंश पुढे जातो. तेच इंजिन ३,००० फेऱ्यांवर असेल, तर तेवढ्याच वेळात तो ३६ अंश फिरतो. वेग वाढल्यावर मिश्रण जास्त घुसळले जाते आणि ज्वलनही जलद होते, त्यामुळे प्रत्यक्षातले गणित इतके सरळ नाही. तरीही वेग वाढेल तशी ठिणगी लवकर पडायला हवी, हे खरे.

हे काम डिस्ट्रिब्युटरमधली दोन छोटी वजने करतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि ठिणगी पुढे सरकते. वेग कमी झाला की स्प्रिंग त्यांना परत ओढतात. अनेक मॉडेलांत व्हॅक्यूमवर चालणारा पडदाही असतो. सपाट रस्त्यावर हलक्या अ‍ॅक्सिलरेटरवर तो टायमिंग आणखी पुढे नेतो, त्यामुळे पेट्रोल वाचते. चढावर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की व्हॅक्यूम पडतो आणि ही जादा आघाडी आपोआप मागे येते.

ठिणगी चुकीच्या वेळी पडली तर?

उशिरा पडली तर दाब तयार होईपर्यंत पिस्टन खाली निघालेला असतो. गाडी ओढत नाही, पेट्रोल जास्त जाते, उष्णता एक्झॉस्टकडे जाते आणि इंजिन तापते.

फार लवकर पडली तर पिस्टन अजून वर चढत असतानाच दाब वाढतो. उरलेले मिश्रण ज्योत पोहोचण्याआधीच आपोआप भडकते आणि डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. यालाच नॉकिंग म्हणतात. जरासा आणि क्षणभर आला तर इंजिन सोसते. घाटात चार माणसे आणि सामान घेऊन तो सतत येत राहिला, तर पिस्टनचा माथा, रिंगा आणि हेड गॅस्केट धोक्यात येतात.

किनारपट्टीवर टायमिंग का बिघडते?

बंद पडून राहिल्यामुळे. मालवणच्या दमट, खाऱ्या हवेत पॉइंटच्या तोंडांवर थर चढतो आणि ठिणगी कमजोर होते. डिस्ट्रिब्युटरमधली वजने गंजून चिकटतात. व्हॅक्यूमचा पडदा जुना होऊन फाटतो. नियमित चालणाऱ्या गाडीत आणखी एक गोष्ट घडते. पॉइंटची टाच कॅमवर घासून झिजते, गॅप कमी होते आणि टायमिंग हळूहळू मागे पडते.

खरा घोळ वजने चिकटल्यावर होतो. वेग वाढला तरी ठिणगी पुढे सरकत नाही, म्हणून गाडी मरगळते. डिस्ट्रिब्युटर फिरवला की वरच्या वेगाला बरे वाटते, पण मूळ टायमिंगच पुढे गेलेले असते. मग घाटात कमी फेरे आणि पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर अशी स्थिती आली, की जिथे आघाडी कमी हवी नेमकी तिथेच ती जास्त मिळते. नॉकिंग तिथून सुरू होते.

मग लावायचे कसे?

क्रम महत्त्वाचा आहे. आधी पॉइंटची गॅप, मग टायमिंग. गॅप बदलली की टायमिंगही बदलते. गॅप वाढली तर पॉइंट लवकर उघडतात आणि ठिणगी पुढे जाते. उलट क्रमाने काम केले तर सगळे पुन्हा करावे लागते.

१. गाडी सपाट जागी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून उभी करावी. पॉइंट स्वच्छ करावेत, खड्डे पडले असतील तर बदलावेत. पॉइंटची टाच कॅमच्या उंचवट्यावर असताना फीलर गेजने गॅप लावावी. बऱ्याच गाड्यांत ती ०.४ मिलिमीटरच्या आसपास असते, पण गाडीच्या पुस्तिकेतला आकडाच अंतिम मानावा.

२. रोटर हाताने थोडा फिरवून सोडावा. तो स्प्रिंगने परत आला तर वजने मोकळी आहेत. अडकला तर आधी त्यांची साफसफाई करावी. व्हॅक्यूमची नळी तोंडाने ओढून पाहिली की आतली प्लेट हलायला हवी.

३. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर बोट ठेवावे आणि इंजिन हाताने फिरवावे. हवा बोट ढकलू लागली की तो दाबाचा स्ट्रोक. मग पुलीवरची खूण पुस्तिकेत दिलेल्या अंशावर आणावी. रोटरचे टोक पहिल्या प्लगच्या वायरीकडे असायला हवे.

४. कॉइलकडून डिस्ट्रिब्युटरला येणारी बारीक वायर आणि इंजिनची बॉडी यांच्यामध्ये १२ व्होल्टचा बल्ब जोडून इग्निशन चालू करावे. पॉइंट बंद असताना बल्ब विझलेला असतो, उघडताच पेटतो. डिस्ट्रिब्युटरचा क्लॅम्प सैल करून तो रोटर फिरतो त्या दिशेला, बल्ब विझेपर्यंत वळवावा. मग उलट दिशेने हळूहळू आणावा. बल्ब पेटला त्याच जागी क्लॅम्प आवळावा. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून त्याचा एक अंश म्हणजे क्रँकचे दोन अंश. हात किती हलका हवा, हे यावरून कळते.

५. काम झाले की इग्निशन लगेच बंद करावे, नाहीतर कॉइल तापते. इंजिन सुरू करून टायमिंग लाइटने पडताळणी करता येते. लाइटच्या लखलखाटात पुलीवरची खूण स्थिर दिसते. अ‍ॅक्सिलरेटर वाढवल्यावर ती पुढे सरकायला आणि सोडल्यावर जागेवर यायला हवी. यावेळी सैल बाही, ओढणी आणि हात पंखा-बेल्टपासून लांब ठेवावेत. प्लगच्या वायरींना हात लावू नये, त्यांत हजारो व्होल्ट असतात.

कानाने लावलेले टायमिंग चालत नाही का?

मुरलेल्या मेकॅनिकचा कान बरेच काही सांगतो. पण कान ऐकतो ते उभ्या गाडीचे रिकामे इंजिन. रिकाम्या इंजिनाला गरजेपेक्षा जास्त आघाडी दिली तरी ते खूश वाटते, कारण त्याच्यावर भार नसतो. म्हणून शेवटची परीक्षा रस्त्यावर. इंजिन गरम झाल्यावर सौम्य चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबावा. खडखडाट टिकून राहिला तर टायमिंग एखाद-दोन अंश मागे घ्यावे.

ई-२० पेट्रोलमुळे टायमिंग बदलावे का?

इथेनॉलचा ऑक्टेन आकडा १०८ च्या आसपास आहे, त्यामुळे २० टक्के मिश्रण नॉकिंगला जास्त दाद देत नाही. म्हणून टायमिंग वाटेल तेवढे पुढे न्यावे, असा अर्थ होत नाही. इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते आणि जुना कार्ब्युरेटर मिश्रण स्वतःहून घट्ट करू शकत नाही. गाडी अडखळत असेल तर कारण तिथेही असू शकते. इथेनॉल पाणी शोषून घेते, म्हणून महिनोन्महिने टाकीत पडलेले पेट्रोल आणि जुन्या रबरी नळ्या आधी तपासाव्यात.

पीयूसी आणि आरटीओचा काय संबंध?

पॉइंट खराब झाले, ठिणगी चुकू लागली की न जळलेले पेट्रोल बाहेर पडते आणि पीयूसी चाचणीत हायड्रोकार्बनचा आकडा वाढतो. कार्बन मोनॉक्साइडचा आकडा मात्र मुख्यतः कार्ब्युरेटरवर अवलंबून असतो. टायमिंग फिरवून तो सुटत नाही.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांपेक्षा जुन्या मोटारींसाठी हे शुल्क पाच हजारांवरून दहा हजार रुपये झाले. एवढा खर्च करून जपलेल्या गाडीला एक फीलर गेज, एक बल्ब आणि अर्ध्या दिवसाचे काम परवडणारे आहे.

घाटात निघण्याआधी मेकॅनिकला एवढेच विचारावे, ‘गॅप बघितली का? वजने मोकळी आहेत का?’ त्यानंतरच डिस्ट्रिब्युटरला हात लावू द्यावा.