वसईचे कांसे
खुलताबाद तालुक्यातील वेरूळचे घृष्णेश्वर आणि सह्याद्रीच्या माथ्यावरील भीमाशंकर ही दोन्ही ज्योतिर्लिंगे. परंतु भीमाशंकरला शनिमंदिरासमोर दगडी खांबांमध्ये टांगलेल्या घंटेवर शके वा संवत नसून १७२९ हा इसवी सनाचा आकडा आहे, आणि ती मुळात शिवालयासाठी ओतलेली नव्हती हे तेवढ्या एका आकड्यावरून उघड होते. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर नाना फडणवीसांच्या वाड्यामागे असलेल्या घंटेवर बाळ येशूला कडेवर घेतलेली मारिया असून तिचे साल १७०७ आहे, म्हणजे ज्या वर्षी नगरजवळ निधन पावलेल्या औरंगजेबाला खुलताबादेत दफन करण्यात आले त्याच वर्षाचे. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटेवर १७२१ आहे. या तिन्ही घंटा पोर्तुगीजांच्या असून चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये वसई जिंकल्यानंतर त्या देशावर आल्या, असे परंपरा सांगते. वसईच्या वेढ्यात मल्हारराव होळकरही होते, आणि घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार त्यांच्या पत्नी गौतमाबाई व सून अहिल्याबाई यांच्या नावे सांगितला जातो.

वसई १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांकडे गेली आणि त्यांच्या उत्तर प्रांताची राजधानी झाली. किल्ल्यातील सेंट जोसेफ चर्चला सर्रास कॅथीड्रल म्हटले जाते. मात्र कॅथीड्रल म्हणजे बिशपचे आसन असलेले मुख्य चर्च, आणि वसईला स्वतःचा धर्मप्रांत थेट १९९८ साली मिळाला. त्यामुळे पोर्तुगीज काळातील खरे कॅथीड्रल जुन्या गोव्याचे, जिथे १६५२ साली कुंकळ्ळीत ओतलेली ‘सोनेरी घंटा’ आजही मनोऱ्यात आहे. पूर्वी त्याला दोन मनोरे होते; त्यांपैकी एक १७७६ साली कोसळला.

युरोपातील अनेक कॅथीड्रलांत एकेक घंटा स्वतंत्रपणे वाजत नाही, तर किमान २३ घंटांचा सुरांत जुळवलेला संच मनोऱ्यात बसवून तो लाकडी दांड्यांच्या पट्टीवर मुठींनी वाजवला जातो. या वाद्याला कॅरिलॉन म्हणतात. मुंबईच्या राजाबाई टॉवरमधील १६ घंटांच्या संचालाही लोक तेच नाव देतात, पण या व्याख्येत तो बसत नाही. घंटा सुरात आणणे अवघड असते, कारण एका ठोक्यात ती अनेक स्वर देते आणि मुख्य स्वराला षड्ज मानले तर त्याच्यासोबत कोमल गंधार हमखास ऐकू येतो. घंटानादात जी किंचित उदासी वाटते ती बहुधा यामुळेच. सतराव्या शतकात नेदरलँड्समधील फ्रांस्वा आणि पीटर हेमोनी या ओतारी बंधूंनी घंटेची आतली बाजू खरवडून हे उपस्वर जुळवण्याची कला सिद्धीस नेली.

वसईच्या घंटांच्या वाट्याला असे संचातले जिणे आले नाही. त्या एकेकट्या वेगवेगळ्या देवळांत पांगल्या. आश्चर्य आहे ते त्या शाबूत राहिल्याचे. घंटेच्या धातूत साधारण चार भाग तांबे व एक भाग कथील असते, म्हणजे हे आपल्याकडील कासारांच्या ओळखीचेच कांसे; त्यात आणखी तांबे घालून कथिलाचे प्रमाण दहाव्या भागावर आणले की तोफेचा धातू तयार होतो. युरोपात तर जिंकलेल्या शहरातील घंटांवर तोफखान्याच्या प्रमुखाचा हक्क मानला जाई. तोफांची निकड असलेल्या मराठ्यांनीही तेच केले असते तर नवल नव्हते. तरी या घंटा भट्टीत न जाता देवाला वाहिल्या गेल्या. वज्रेश्वरीचे मंदिर चिमाजी अप्पांनी वसईसाठी बोललेल्या नवसातून उभे राहिले असे सांगतात. विजय देवाच्या पदरात घालण्याची ती वृत्ती पाहता, घंटा वाचल्या त्या केवळ लूट म्हणून नव्हे, तर नवसाची फेड म्हणूनही, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

देवळात त्यांचे काम मात्र बदलले. चर्चमधील घंटा उंच मनोऱ्यात दोराने झुलवली जाते. ती वाजवणारा सेवक एक आणि ऐकणारा सारा गाव, कारण प्रार्थनेची वेळ किंवा मृत्यूची वार्ता ती सर्वांना कळवते. देवळात तीच घंटा स्थिर टांगली गेली आणि तिचा लोलक येणाऱ्या प्रत्येक भाविकाच्या हाती आला, जो तो वाजवून आपण आल्याची वर्दी थेट देवाला देतो. मूळ श्रद्धांमध्ये मात्र फारसे अंतर नाही: बिशप नव्या घंटेला पवित्र जलाने न्हाऊ घालून, तेल लावून, संताचे नाव देत असे व तिच्या नादाने वादळे आणि दुष्ट शक्ती हटतात असे मानले जाई, आपल्याकडेही पूजेच्या आरंभी घंटेला गंधफूल वाहतात आणि तिच्या नादाने देव येतात, राक्षस पळतात, ही धारणा आहे.

या सर्वांत नाशिककरांच्या बोलण्यात मुरली ती नारोशंकराचीच घंटा. सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी १७४७ साली गोदाकाठी बांधलेल्या या मंदिरात ती प्रवेशद्वारावरच्या कमानीत आहे. मोठ्या आवाजात बोलणाऱ्याला नाशकात आजही ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतात, आणि गोदावरीला पूर आला की नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीपाठोपाठ लोक या घंटेकडे पाहून पाणी कुठवर चढले ते ठरवतात.