दोघी मावश्या, दोन हात

माझ्या दोन मावश्या हुबेहूब जुळ्या. थोरली लातूरला दिली, धाकटी नांदेडला. धाकटी डावखुरी. डाव्या हाताने घास घेतला की आजी तिच्या हातावर उलथनं मारायची, ‘उलट्या डोक्याची’ म्हणायची. घास उजव्या हातात आला. भाकरी मात्र ती आजही डाव्यानेच थापते.

गर्भ उशिरा दुभंगला की एक जुळं दुसऱ्याचं आरशातलं रूप होतं, असं काही शास्त्रज्ञांनाही वाटे. एकाच बीजांडाच्या जुळ्यांत चार-पाच जोड्यांमागे एका जोडीचे हात वेगळे असतात, हे खरं. पण वेगळ्या बीजांडांच्या जुळ्यांतही प्रमाण जवळपास तेवढंच! मग आरसा कशाला? हाताच्या कलात जनुकांचा वाटा सुमारे २५ टक्केच. उरलेल्यात गर्भातल्या वाढीचे योगायोग बरेच.

आणि डोकं? १८६१ मध्ये ब्रोकाने वाचा गेलेल्या रुग्णाच्या मेंदूत डाव्या बाजूची इजा दाखवली. उजव्या हाताच्या सुमारे ९५ टक्के माणसांत भाषेचा कारभार डाव्या गोलार्धात चालतो. डावखुऱ्यांतही सुमारे ७० टक्क्यांत तिथेच. म्हणजे दोघी मावश्यांचं बोलणं बहुधा एकाच बाजूने येतं. थोरलीला मात्र उलट्या डोक्याची कुणी कधी म्हटलं नाही.