‘किंवा’च्या दारातून शिरलेलं गाढव

‘सॉक्रेटिस धावतो आहे.’ ‘सॉक्रेटिस धावत नाही.’ ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी मानायची तयारी असेल, तर सॉक्रेटिस गाढव आहे हे सिद्ध करता येतं.

दोन्ही खरी, म्हणजे सॉक्रेटिस धावतो आहे हे खरं. मग ‘सॉक्रेटिस धावतो आहे किंवा तो गाढव आहे’ हेही खरंच. ‘किंवा’ने जोडलेल्या दोहोंपैकी एक खरं असलं की पुरे. पण तो धावत नाही, असंही आपण मानलं आहे. पहिला पर्याय बाद झाला, उरला दुसरा. सॉक्रेटिस गाढव! गाढवाच्या जागी वाटेल ते घाला, तेही असंच सिद्ध होईल. एक विसंगती आत घेतली की तिच्या मागोमाग काहीही आत येतं.

या युक्तिवादाची मुळं बाराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये आहेत. सीन नदीवरच्या ‘पेती पाँ’ म्हणजे धाकट्या पुलापाशी अ‍ॅडम नावाचे इंग्रज गुरू तर्कशास्त्र शिकवत. त्यांच्याकडे गेलेल्या स्वासाँच्या विल्यमने पुढे जुन्या तर्कशास्त्राचा गड पाडण्यासाठी एक ‘यंत्र’ रचलं, असं जॉन ऑफ सॉल्झबरीने ११५९ मधल्या ‘मेटालॉजिकॉन’ या ग्रंथात लिहून ठेवलं आहे. विल्यमला पहिले धडे जॉननेच दिले होते. ते यंत्र म्हणजे हाच युक्तिवाद असावा, असं काही अभ्यासक मानतात.

अ‍ॅरिस्टॉटलच्या तर्कात ‘माणूस’, ‘मर्त्य’ अशा पदांचे संबंध तपासले जात. इथे मात्र अख्खं विधान हेच एकक आहे. विधानात काय म्हटलंय याला महत्त्व नाही. ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ हे शब्द विधानांना कसे जोडतात, एवढंच पाहायचं. आजचं विधान-तर्कशास्त्र ते हेच. प्राचीन ग्रीसमधल्या स्टोइक विचारवंतांनीही ही वाट चोखाळली होती. मध्ययुगीन पंडितांनी एका विधानातून दुसरं कधी निष्पन्न होतं, यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिले.

पण धावण्याचा आणि गाढवाचा संबंध काय? ही तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! पीटर अ‍ॅबेलार्डचं (१०७९–११४२) म्हणणं साधारण असंच होतं: निष्कर्षाचा अर्थ मूळ विधानाच्या अर्थात सामावलेला हवा. मात्र त्याच्याच तत्त्वांतून विसंगती निघते, हे पॅरिसच्या अल्बेरिकने दाखवून दिलं. बहुतेक तर्कशास्त्रज्ञ अखेर गाढवाच्या बाजूने गेले. १९३२ मध्ये अमेरिकन तत्त्वज्ञ सी. आय. लुइस यांनी हाच युक्तिवाद पुन्हा मांडला.

विषय तिथेच मिटला असता, पण संगणक आला. एका नोंदीत ग्राहकाची जन्मतारीख मार्चमधली, दुसरीत मेमधली. जुना नियम लावला तर या एका चुकीतून संगणकाने काहीही खरं मानावं! म्हणून १९७७ मध्ये न्युएल बेल्नाप यांनी प्रत्येक विधानासाठी चार शक्यता सुचवल्या: फक्त खरं सांगितलं गेलं, फक्त खोटं, दोन्ही, किंवा काहीच नाही. अशा हिशेबात ‘दोन्ही’ची नोंद असताना पहिला पर्याय बाद करता येत नाही. ‘धावत नाही’ असं कळलं तरी ‘धावतो आहे’ शाबूतच राहतं. युक्तिवाद शेवटच्या पायरीवर अडतो, आणि गाढव दाराबाहेरच राहतं.