बागेचा सौदा करण्याआधी सापळा पाहा

पेरूची किंवा आंब्याची बाग उक्ती घेताना आमचे बरेच बागवान बांधव झाडावरचा माल पाहतात, अंदाज बांधतात आणि इसार देऊन मोकळे होतात. फळ वरून टवटवीत दिसते, पण बाजारात कापल्यावर आत अळ्या निघतात. तोटा अर्थातच व्यापाऱ्याचा. हा प्रताप फळमाशीचा. मादी पिकू लागलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. अळ्या गर खातात आणि फळ सडून गळते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव दरवर्षी आधी पाऊस-पाणी मोजते, मग कोणते पीक घ्यायचे ते ठरवते. 'आधी मोजा, मग ठरवा' हा हिशेब आपल्या धंद्यालाही लागू आहे. याच जिल्ह्यातील राहात्याचे पेरू प्रसिद्ध आहेत, आणि पावसाळी पेरूवर फळमाशीचा उपद्रव फार होतो.

ही माशी मोजण्याचे साधन म्हणजे गंध सापळा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. मिथाइल युजेनॉल या द्रव्याच्या वासाने नर माश्या सापळ्यात येऊन मरतात. एकरी चार सापळे सावलीच्या फांदीला टांगावेत आणि दर आठवड्याला मेलेल्या माश्या मोजून वहीत आकडा लिहावा. आकडा चढत असेल तर धोका जवळ आला असे समजावे.

सौदा करताना ही वही मागावी. मात्र रिकामा सापळा पाहून भुलू नये. आतील औषध कधी बदलले ते विचारावे, कारण वास उडालेल्या सापळ्यात माशी येतच नाही. शिवाय सापळ्यात फक्त नर सापडतात. म्हणून झाडाखाली गळलेली फळे पडून आहेत की खोल पुरली आहेत, हेही पाहावे. डाळिंबाचे फळ पोखरणारी अळी फुलपाखराची असते. तिचा अंदाज या सापळ्यातून येत नाही.

२०१४ च्या मे महिन्यात युरोपीय संघाने फळमाशीमुळेच भारतीय आंबा बंद केला होता. ती बंदी २०१५ मध्ये उठली, पण मधला एक हंगाम हातचा गेला. तेव्हा इसाराची रक्कम मोजण्याआधी सापळ्यातील माश्या मोजाव्यात, हे आमचे सांगणे आहे.