बांधावर येणारे सरकार

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात अ‍ॅन्सन नावाची ग्रामीण काउंटी आहे. तिथल्या वेड्सबरो गावाजवळ, कापूस पिकवणाऱ्या घरात १८८१ मध्ये ह्यू हॅमंड बेनेट जन्मले. अमेरिकेत मृदसंधारणाचे जनक म्हणून त्यांचेच नाव घेतले जाते.

१९०५ मध्ये व्हर्जिनियातल्या लुइझा काउंटीत मातीची पाहणी करताना बेनेट यांना शेजारशेजारच्या दोन जमिनींत विलक्षण फरक आढळला. झाडांखालची माती भुसभुशीत आणि ओलसर होती, तर नांगरटीच्या उतारावरची कडक आणि निकस. पाऊस दरवर्षी मातीचा पातळ थर धुऊन नेत होता आणि कुणाच्या ते लक्षातही येत नव्हते. बेनेट पुढे वर्षानुवर्षे हेच सांगत राहिले. ग्रेट प्लेन्स या मैदानी प्रदेशातल्या वादळांची धूळ थेट वॉशिंग्टनवर पसरली, तेव्हा कुठे राज्यकर्ते हलले. एप्रिल १९३५ मध्ये कायदा झाला आणि मृदसंधारण सेवा उभी राहिली. हीच आजची ‘एनआरसीएस’.

पण राजधानीतून आलेल्या माणसाने सांगितले म्हणून शेतकरी नांगर फिरवण्याची दिशा बदलत नाही. म्हणून १९३७ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सर्व राज्यांच्या गव्हर्नरांकडे एका नमुना कायद्याची शिफारस केली. शेतकऱ्यांनी आपापल्या भागात मृदसंधारण मंडळ स्थापन करावे आणि सरकारी तंत्रज्ञांनी त्याला साथ द्यावी, अशी ती कल्पना होती. पहिले मंडळ त्याच वर्षी अ‍ॅन्सन काउंटीतच, ब्राउन क्रीकच्या खोऱ्यात स्थापन झाले. आज देशभर अशी सुमारे ३,००० मंडळे आहेत.

मदत शोधणाऱ्या शेतकऱ्याची सुरुवात आजही स्थानिक कृषी सेवा केंद्रापासून होते. तिथे बहुधा एकाच छताखाली दोन कार्यालये असतात. ‘एफएसए’कडे (फार्म सर्व्हिस एजन्सी) कर्ज, आपत्तीची भरपाई आणि शेताची नोंद, तर ‘एनआरसीएस’कडे माती-पाण्याचे तांत्रिक काम. आधी ‘एफएसए’कडून शेत क्रमांक घ्यायचा, मालकीचे किंवा कसण्याच्या हक्काचे कागद दाखवायचे, उत्पन्नाचे आणि पाणथळ जागा न बुजवण्याचे हमीपत्र भरायचे. वडिलोपार्जित जमीन वारसांच्या नावे चढलेली नसली, तरी २०१८ च्या कायद्याने पर्यायी कागदपत्रांवर हा क्रमांक मिळण्याची सोय केली आहे.

मग तंत्रज्ञ शेतावर येतो आणि उतार, ओढा, गुरांची वाट पाहतो. तो आधी जमिनीचे दुखणे विचारतो, योजना मागाहून ठरते. धूप होणारी जमीन १० ते १५ वर्षे गवताखाली किंवा झाडांखाली ठेवायची असेल, तर ‘सीआरपी’ ही योजना दरवर्षी भाडे देते. ती १९८५ पासून चालू आहे. पीक घेत राहूनच आच्छादन पिके, मजगी किंवा ओढ्याकाठी कुंपण करायचे असेल, तर १९९६ ची ‘इक्विप’ योजना खर्चाचा ७५ टक्क्यांपर्यंतचा वाटा उचलते. नवे, अल्प साधनांचे शेतकरी आणि शेतीत उतरलेले माजी सैनिक यांच्यासाठी ही मर्यादा ९० टक्के आहे, आणि त्यांना काही रक्कम आगाऊही मागता येते.

‘इक्विप’चा अर्ज वर्षभर करता येतो, मात्र छाननीच्या तारखा राज्यागणिक ठरतात. गुणानुक्रम लागतो आणि पैसे संपले की चांगला अर्जही मागे राहतो. करारावर सह्या होण्याआधी काम सुरू केले, तर त्या कामाचे पैसे सहसा मिळत नाहीत. घाईने कुंपण घालून मग बिल घेऊन जाणारा शेतकरी इथेच फसतो.

मदतीचे हे दार सगळ्यांना सारखे उघडे नव्हते. सरकारी शेतीकर्जात वंशभेद झाल्याबद्दल कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी १९९७ मध्ये खटला भरला. त्या खटल्यातल्या १९९९ च्या ‘पिगफर्ड’ तडजोडीनंतर हजारोंना भरपाई मिळाली. स्थानिक माणसांच्या हाती निर्णय दिले की स्थानिक पूर्वग्रहही निर्णयात उतरतात. म्हणून ‘एफएसए’च्या स्थानिक काउंटी समितीच्या निवडणुकीत उभे राहणे आणि मत देणे, हे अर्ज भरण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

या व्यवस्थेचे खरे बळ शेतावर येऊन माती हातात घेणाऱ्या तंत्रज्ञात आहे. निधीचा आकडा कितीही मोठा असो, तंत्रज्ञांच्या जागा रिकाम्या राहिल्या तर योजना कागदावरच राहील. कुठल्याही देशातल्या शेतकऱ्याने सरकारी कार्यालयात जाताना ‘कोणती योजना आहे?’ असे विचारण्याआधी ‘माझ्या जमिनीला काय झाले आहे, ते येऊन पाहा’ असे म्हणावे.